मॉनिटर गेला, मी इथेच आहे

गेल्या महिन्याच्या २० तारखेला दुपारी सव्वातीनला उस्मानपुऱ्यात लाईट गेली. तारीख आणि वेळ इतकी पक्की लक्षात आहे, कारण २० तारीख ही जीएसटीची कामं करणाऱ्यांची आषाढी असते. दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीचा तो शेवटचा दिवस. चुकला की रोजचे ५० रुपये विलंब शुल्क, कर शून्य असला तरी २०. रक्कम मोठी नाही. पण "मॅडम, हे पैसे कशाचे?" या प्रश्नाला "लाईट गेली होती" हे उत्तर वाळूजच्या वर्कशॉपवाल्याला पटत नाही. लाईट त्याच्याकडेही गेलेली असते आणि त्यानं जनरेटर लावून माल बाहेर काढलेला असतो.

संत एकनाथ रंगमंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका औषधाच्या दुकानाच्या वर माझं दीड खोलीचं ऑफिस आहे. टेबलावर मध्ये लॅपटॉप, दोन्ही बाजूंना २४ इंची मॉनिटर. मध्ये सरकारी पोर्टल, उजवीकडे एक्सेलमधलं खरेदीचं रजिस्टर, डावीकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर. तीन-तीन पडद्यांचा थाट कशाला, असं भेटायला येणारे विचारतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. २०२० पासून दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी नावाचं विवरण पोर्टलवर येऊ लागलं. आपल्या पुरवठादारांनी कोणती बिलं दाखवली त्याचा तो तक्ता. त्यातली एकेक ओळ आपल्या रजिस्टरशी ताडून पाहायची. हे काम एका पडद्यावर करणं म्हणजे एका हातानं सुईत दोरा ओवणं. होतं, पण दिवस जातो.

तर लाईट गेली. पंखा इन्व्हर्टरवर फिरत राहिला, दोन्ही मॉनिटर मात्र काळे झाले. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला आणि डोळ्यांदेखत दोन्हीकडच्या सगळ्या खिडक्या त्या पंधरा इंची पडद्यावर येऊन एकमेकींच्या अंगावर पडल्या. इथपर्यंत माझी तक्रार नाही. घर पडलं की माणसं शेजाऱ्याकडे जातातच. पुढचं ऐका. मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बिल टाकून एंटर दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. टुंग असा आवाज आला. माउसनं कुठंही टिचकी मारली तरी टुंग. अडकलं, असं समजून मी ते सॉफ्टवेअर जबरदस्तीनं बंद केलं. दुपारपासून टाकलेली चाळीसेक बिलं त्याच्याबरोबर गेली.

ते अडकलेलं नव्हतंच. "नोंद जतन करायची का? होय / नाही" एवढंच विचारत होतं. पण विचारत होतं ते डाव्या मॉनिटरवर, जो तेव्हा नव्हता. बंद पडद्याच्या जागी, हवेत, चौकट उघडून ते माझ्या उत्तराची वाट पाहत होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्या कशालाच हात लावू देत नव्हतं. समोरच्या माणसाला दिसत नाही अशा ठिकाणी उभं राहून प्रश्न विचारायचा आणि वर त्यालाच टुंग टुंग करून दटावायचं!

विवरण रात्री अकरा चाळीसला गेलं. दुसऱ्या दिवशी मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला फोन लावला.

"आत्या, तुझा मॉनिटर डावीकडे आहे ना? मग बरोबर आहे," तो म्हणाला.

"बरोबर काय आहे त्यात?"

त्यानं सांगितलं ते असं. संगणक सगळ्या पडद्यांचा मिळून एकच मोठा आलेख कागद धरतो. मुख्य पडद्याचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य. उजवीकडे आकडे वाढतात. डावीकडे जो मॉनिटर ठेवाल त्याची घरं उणे आकड्यांत. माझ्या डाव्या मॉनिटरची रुंदी १९२० ठिपके, म्हणजे त्याचा पत्ता उणे १९२० पासून सुरू होतो. मी कधीतरी ती होय-नाहीची चौकट ओढून डावीकडे ठेवली. सॉफ्टवेअरनं तो पत्ता, समजा उणे १४००, वहीत लिहून ठेवला. पुढच्या वेळी चौकट उघडताना वही पाहिली आणि तिथं उघडली. तो पत्ता आज अस्तित्वात आहे का, एवढं विचारलं नाही. विचारायची सोय आहे का? तर आहे, आणि जुनी आहे. विंडोज ९८ मध्ये एका संगणकाला नऊपर्यंत मॉनिटर लावता येत होते, आणि ही चौकट कुठल्या मॉनिटरवर पडते, कुठल्याच नाही तर सगळ्यांत जवळचा कोणता, हे प्रणालीला विचारण्याची तजवीज तेव्हापासून आहे. मॅकिंटॉश टू तर त्याच्याही अकरा वर्षं आधीचा, १९८७ चा. त्यात कार्ड बसवायच्या सहा खाचा होत्या आणि एकाहून जास्त पडदे लावून एकच टेबल पसरता येत होतं. म्हणजे ही अडचण माझ्या गिऱ्हाइकांच्या पोरांपेक्षा वयानं मोठी आहे. लग्नाची झाली, अजून कोणी मनावर घेत नाही.

इथं मला माझं म्हणणं मांडू द्या, कारण त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. मॉनिटर गेला म्हणजे मी संगणकाला काही सांगितलं, असं नव्हे. मी खिडकी ओढली, बंद केली, मोठी केली, ती माझी आज्ञा. लाईट गेली, केबल सैल झाली, मॉनिटर झोपला, ही माझी आज्ञा नाही. तो अपघात आहे. आज्ञा जन्मभर पाळावी. अपघातात मात्र तात्पुरती सोय करावी, आणि तो सरला की सगळं होतं तसं करून द्यावं.

लहानपणी गल्लीतल्या गणपतीसमोर नाटकं व्हायची. ऐन प्रवेशात लाईट जाणार हे ठरलेलं. अंधार झाला की नट विंगेत पळत नसत. जो जिथं होता तिथं थांबे. एखादा धीट अंधारातच वाक्य पुढं रेटे, कोणीतरी पेट्रोमॅक्स आणी. उजेड आला की सासरा खुर्चीत, सून तुळशीपाशी, प्रवेश पुढं चालू. आजचं सॉफ्टवेअर काय करतं? लाईट गेली की सगळ्या नटांना कोंबून प्रॉम्प्टरच्या खुर्चीत बसवतं, आणि उजेड आल्यावरही तिथंच बसवून ठेवतं. मग दिग्दर्शकानं, म्हणजे मी, एकेकाला हाताला धरून जागेवर न्यायचं. दिवसातून तीनदा.

कारण आमच्याकडे हे दिवसातून तीनदा होतं. पूर्ण लाईट गेली नाही तरी होतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी अख्खी गल्ली एकदम मोटारी लावते, दाब उतरतो आणि मॉनिटर एक डुलकी घेऊन परत येतो. डुलकी दोन सेकंदांची, पण खिडक्यांची पांगापांग व्हायला तेवढी पुरते. ५२ दरवाजांचं शहर म्हणून मिरवणाऱ्या गावात मी रोज खिडक्या शोधत बसलेली असते.

भाचा म्हणाला, "आत्या, संगणकाला काय कळणार लाईट गेली की तू वायर काढली?" मॉनिटरच्या एचडीएमआय केबलच्या टोकात १९ पिना असतात. एकोणिसावी पीन फक्त 'मी आहे' एवढंच सांगते. ती गप्प झाली की संगणकाच्या लेखी मॉनिटर गेला. का गेला ते ती सांगत नाही. काही मॉनिटर तर नुसतं बटण बंद केलं किंवा वीज वाचवायला झोपले तरी गेल्याची वर्दी देतात. चहा प्यायला उठावं आणि परत येऊन पाहावं तर सगळं सामान दुसऱ्या खोलीत.

मी म्हटलं, "लॅपटॉपला चार्जिंग बंद झालेलं कळतं ना? त्याच क्षणी दोन्ही मॉनिटर गेले. मग शेंबडं पोरही सांगेल लाईट गेली म्हणून."

"आणि ज्यांच्या एकाच केबलमधून चार्जिंग, मॉनिटर, सगळंच येतं? त्यांनी ती उपसून घरी नेली तर?"

"मग त्यांचा माउसही त्याच क्षणी गेला असेल. माझा माउस जागेवर असतो."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू म्हणायलीस ते खरंय, पण त्यातही अपवाद निघतील." निघू देत. मी काही संगणकानं ज्योतिष सांगावं म्हणत नाही. कारण ओळखता आलं तर ओळखावं, नाही तर निदान लक्षात ठेवावं. गेलेला परत येईल असं धरून चालावं, कारण बहुतेक वेळा तो येतोच. दोन-चार सेकंद तर काहीच हलवू नये. गल्लीतल्या मोटारी चालू होण्याइतका धीर धरला तरी निम्म्या खिडक्या वाचतील.

परतीचं कामही सोपं नाही, हे मला कबूल आहे. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हापासून त्यात मॉनिटरच्या सेटिंगमध्ये खुणेच्या दोन चौकटी आहेत. एकीनं मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवल्या जातात, दुसरीनं मॉनिटर गेला की त्यावरच्या खिडक्या आपोआप मिटून खाली बसतात. दुसरी मला पहिलीपेक्षाही आवडते. खिडक्यांनी लॅपटॉपवर येऊन दाटी करण्यापेक्षा खाली रांगेत गपचूप बसावं, लागेल तिला मी बोलावीन. आमच्या इमारतीतले अर्धे संगणक मात्र अजून विंडोज १० वर आहेत. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण 'चालतंय की' या तत्त्वावर ते चालू आहेत. शिवाय प्रणालीनं कितीही शहाणपणा केला तरी वर बसलेलं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर आपली उणे चौदाशेची वही उघडून बसतंच.

आणि नव्या शहाणपणातही एक खोच आहे. लाईट नसताना मी हातावर हात ठेवून बसत नाही. एक्सेल मोठं करून लॅपटॉपवरच काम चालू ठेवते. वीस मिनिटांनी लाईट आली की ते एक्सेल माझ्या बोटांखालून निघून उजव्या मॉनिटरवर पळावं का? मुळीच नाही. मधल्या काळात मी ज्या खिडकीला हात लावला, तिची जुनी आठवण रद्द. ती माझी नवी आज्ञा. हात न लावलेल्या तेवढ्या मुकाट्यानं आपापल्या घरी जाव्यात, आणि त्याही मी टाईप करत असताना नाही, जरा उसंत पाहून. पाहुण्यांसमोर सून कशी अलगद भांडी आवरते, तसं. एवढी साधी रीत कोडमध्ये लिहायला अवघड असेल, मला कल्पना नाही असं नाही. पण भाच्याच्याच तोंडून ऐकलंय, अवघड आहे म्हणून नव्हे तर कोणी मागितलंच नाही म्हणून बहुतेक गोष्टी राहून जातात. म्हणून मी वर्तमानपत्रात मागते आहे.

जुळ्यांची गोष्ट सांगायची राहिली. मी दोन्ही मॉनिटर एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच नमुन्याचे घेतले. एकसारखे दिसतात म्हणून. फार मोठी चूक. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटचं एक ओळखपत्र असतं. कंपनीची तीन अक्षरं, नमुन्याचा आकडा, कुठल्या वर्षी बनला, कोणते आकार झेपतात आणि अनुक्रमांक. १९९४ पासूनची ही पद्धत आहे. पण काही मॉनिटरांत अनुक्रमांकाची जागा नुसती शून्यांनी भरलेली असते. माझ्याकडचे दोघे त्यातलेच निघाले. मग लाईट आली की कधी कधी डावा स्वतःला उजवा समजतो. माउस उजवीकडे नेला की डावीकडून उगवतो. जुळ्या पोरांच्या आया एकाच्या पायात काळा दोरा बांधतात. संगणकाकडेही दोरा आहे. कोणती केबल मागच्या कोणत्या भोकात खोवली आहे, ते त्याला माहीत असतं. ओळखपत्र सारखं निघालं तर भोक पाहा, एवढंच म्हणणं.

आतापर्यंत जाण्याबद्दल बोलले. येण्याची तऱ्हा आणखी वेगळी. गेल्या हंगामात नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. हॉलवर भिंतीएवढा एलईडी पडदा. मुलाच्या थोरल्या भावानं आपला लॅपटॉप त्याला जोडला, लहानपणीचे फोटो दाखवायला. जोडल्याबरोबर त्याच्या पडद्यावर जे उघडं होतं ते भिंतीवर गेलं. आणि उघडी होती ती त्याच्या स्वतःच्या लग्नातली आहेराची यादी. कोणी किती पाकीट दिलं, कोणी नुसता टॉवेल-टोपी, नावानिशी, एक्सेलमध्ये, भिंतीएवढ्या अक्षरांत. पंधरा सेकंद असेल. चारशे माणसांना पंधरा सेकंद खूप होतात. लोकांनी आधी आपलं नाव शोधलं, मग भावकीतलं. एका मामांनी जेवण न करता हॉल सोडला.

मी मामांची बाजू घेणार नाही, त्यांनी काय दिलं होतं ते मीही वाचलं. पण चूक त्या पोराची नाही. नवा, अनोळखी पडदा जोडला की त्यावर आधी काहीच दिसू नये. रिकामी, साधी भिंत. मग माझ्या समोरच्या लहान पडद्यावर, फक्त मला दिसेल असं विचारावं, इथलंच तिथं दाखवू की ती वेगळी जागा धरू? २००९ च्या विंडोज ७ पासून विंडोजचं बटण आणि पी दाबलं की हा प्रश्न येतो. पण तो आपल्यालाच मागवावा लागतो, आणि तोवर आहेर वाचून झालेला असतो. ओळखीच्या मॉनिटरला, माझ्या ऑफिसातल्या जुळ्यांना, हे दरवेळी विचारू नका. घरच्या माणसाला कोणी ओळखपत्र मागत नाही. परक्याला उंबऱ्यावर थांबवावं.

एक उत्तर मला नेहमी मिळतं. मॅडम, यूपीएस घ्या. जणू दोष माझ्या वायरिंगचा. या उत्तरामागची जागा मला दिसते. हे सॉफ्टवेअर जिथं बनतं तिथल्या काचेच्या इमारतीत लाईट गेलेली कोणाला कळतसुद्धा नाही, तळघरातलं जनरेटर आधी जागं होतं. तपासणारी मुलं हुशार असतात, शंभर तऱ्हांनी बटणं दाबून पाहतात. भिंतीवरचं मुख्य बटण मात्र कोणी दाबत नाही. माझी एक विनंती आहे. रंगमंदिराच्या या परिसरात, स्टेशन रोडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांना दरवर्षी प्रोजेक्टला विषय हवा असतो, आणि चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रं आता पुरे झाली. एखाद्या गटानं नुसती यादी करावी. जिल्ह्यातल्या दुकानांत, दवाखान्यांत, कर सल्लागारांकडे चालणारी वीस सॉफ्टवेअर घ्यायची, डावीकडे मॉनिटर लावायचा, काम अर्ध्यावर असताना त्याची वीज तोडायची आणि कोण कुठं हरवतं ते लिहून काढायचं. खर्च शून्य. मी माझं टेबल वापरायला देईन, २० तारीख सोडून.

तोवर मी आमच्या ऑफिसातल्या पोरीसाठी मॉनिटरच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवली आहे. 'टुंग वाजलं तर घाबरू नको. विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण एकदम दाब, हरवलेली चौकट शेजारच्या पडद्यावर येते. नाही आली तर ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाण एकदा दाबून माउस हलव, ती माउसला चिकटून येईल. काहीही झालं तरी सॉफ्टवेअर जबरदस्तीनं बंद करू नको.' खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलंय, 'आणि मॅडमला सांगू नको.'

शेवटी मीही वायरमनला बोलावलंच. इन्व्हर्टरवर पंखा, एक ट्यूब आणि वायफाय एवढाच भार होता. बॅटरी चार वर्षांची. तो म्हणाला, "ताई, दोन मॉनिटर मिळून पन्नास वॉट धरा. पंखा पाऊणशेचा. बॅटरी बदला, नाही तर दोन्हीतलं एक काही तरी ठेवा." मग इन्व्हर्टरच्या पाठीमागचं बटण त्यानं यूपीएसकडे सरकवलं, म्हणजे लाईट जाता-येताना मॉनिटरला डुलकी लागणार नाही, आणि पंख्याची वायर काढून मॉनिटरची लावली.

तेव्हापासून लाईट गेली की पंखा थांबतो आणि खिडक्या जागच्या जागी राहतात. सध्या थंडी आहे. बॅटरीचं मार्चअखेरची विवरणं झाली की बघू म्हणतेय.